थळच्या नाखव्यांना उघड पत्र

नाखवा, स. न. वि. वि.

त्या दिवशी तुम्ही आभार मानूच दिले नाहीत. भाडं घेतलंत आणि जाळ्याकडे वळलात. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहिते आहे. तुमचा मुलगा मोबाइलवर वाचून दाखवेलच.

मी गुडघ्यांनी जेरीस आलेली आजी. सोबत नऊ वर्षांची नात आणि तिचा हट्ट: अलिबागजवळ थळसमोरच्या समुद्रातली खांदेरी आणि उंदेरी, दोन्ही किल्ल्यांची बेटं, एकाच दिवशी. किनाऱ्यावर दुसरे एक जण "चला, लगेच सोडतो" म्हणाले होते. तुम्ही आधी पाण्याकडे बघितलंत, मग माझ्या गुडघ्यांकडे. "आजी, खांदेरीला धक्का हाय. उंदेरीला नाय. जाऊ, पन तिथलं तिथं बघू." तिथेच माझा जीव भांड्यात पडला.

लाइफ जॅकेट नातीला ढगळ होत होतं. ते तुम्ही सुतळीने कमरेशी आवळलंत आणि गाठ तिच्याकडूनच पुन्हा मारून घेतलीत. खांदेरीच्या धक्क्याला होडी वरखाली होत होती. सगळे "उतरा, उतरा" म्हणत असताना तुम्ही माझा दंड धरून थांबलात. लाट होडीला वर उचलेल तेव्हा पाय टाकायचा, होडी खाली जाताना कधीच नाही. इतकं सोपं, पण आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

बेटावर नातीने तो वाजणारा दगड वाजवून वाजवून आमचे कान किटवले. दगडातून भांड्यासारखा आवाज येतो यावर तिच्या वर्गात अजून कुणाचा विश्वास नाही. वेताळाला तुम्ही हात जोडलेत, तिनेही जोडले. १८६७ सालचं दीपगृह बघून झाल्यावर मी इतिहास सुरू केला. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी आपल्या आरमारातल्या मायनाक भंडाऱ्याला इथे पाठवून तट बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं आणून बेटाची नाकेबंदी केली. "मग आतले लोक जेवायचे काय?" नातीचा प्रश्न. माझ्या इतिहासात जेवण नव्हतं.

उत्तर तुम्ही दिलंत. तिला होडीपाशी नेऊन तळ दाखवलात. उथळ तळाच्या होड्या, काळोखी रात्र, नागावच्या खाडीतून निघायचं आणि मोठी जहाजं जिथे शिरू शकत नाहीत त्या खडकांच्या कडेने सामान पोचवायचं. तट बांधून झाला, इंग्रजांना काही करता आलं नाही. पुढच्याच वर्षी समोरच्या उंदेरीवर जंजिऱ्याचा सिद्दी येऊन बसला, हे मी जोडलं. तेवढंच माझं.

उंदेरीला मात्र पाणी खडकांवर फुटत होतं. "जरा पानी चरू दे, मंग बघू," म्हणत, भरतीची वाट बघत तुम्ही होडी लांबच धरलीत. बराच वेळ. मग मान हलवलीत. नात फुगली. उतरवायचे जे पैसे ठरले होते ते तुम्ही तिथल्या तिथे मला परत केलेत. मी नको म्हटलं तर रागावलात. आणि उतरता येत नाही तर निदान दिसू दे म्हणून बेटाला वळसा घातलात, जमेल तितकं जवळून. तट बघताना तिचा फुगा हळूहळू उतरला.

परतताना सुकाणूवर तिचा हात ठेवून वर तुमचा ठेवलात. कनकेश्वराचा डोंगर कुठे, खत कारखान्याची चिमणी कुठे, त्यावरून आपली जागा कशी ओळखायची, हे तिला सांगितलंत. हल्ली ती पुण्यात बसच्या खिडकीतूनही खुणा लावत बसते. कंडक्टर वैतागतो.

आता तिला अजून बेटं हवी आहेत. अलिबागचा कुलाबा किल्ला मी सुचवला, पण ओहोटीला चालत जाता येतं ते बेट कसलं, असं तिचं मत पडलं. तेव्हा पावसाळा सरून दर्या निवळला की आम्ही पुन्हा थळलाच येतो. भरतीची वेळ आधी फोनवर विचारेन. उंदेरीला पाणी उतरू देईल तर उतरू, नाही तर तुम्ही म्हणाल तसं. ते परत दिलेले पैसे मी वेगळे ठेवले आहेत, आणि या वेळी रागावून उपयोग होणार नाही.

तुमची,
सुतळीच्या गाठीवाल्या मुलीची आजी