दत्ता, मनूचा फोन घेण्याआधी

पुणे,
६ जुलै २०२५

प्रिय दत्ता,

आज आषाढी. तू पंढरपुरात गर्दीतून कळसाचं दर्शन घेऊन एव्हाना घरी परतलाही असशील. मी सकाळी खिचडी खाऊन जो टेबलाशी बसलो तो अजून उठलो नाही. काल तुझा फोन आला तेव्हा वहिनी शेजारी होत्या, मनूचाही आवाज येत होता, म्हणून फार बोललो नाही. पण तुझं बोलणं रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून हे पत्र.

मनूला सीईटीत चांगले गुण मिळाले आणि ती पुण्याला येणार, याचा आनंद मला तुझ्याइतकाच आहे. ती माझ्यासमोर लहानाची मोठी झाली. पण तू म्हणालास, "बावन्न हजारांचा फोन ठरवलाय, अठरा हप्ते पाडून देतायत, व्याज नाही," आणि मी जुन्याचं नाव काढल्यावर म्हणालास, "पोरीला पहिल्यांदा घराबाहेर पाठवतोय, तिला कुणाचा वापरलेला फोन देऊ का?" हे तुझं वाक्य मला लागलं. त्यात तुझी माया आहे, ते कळतं मला. पण त्या मायेपायी तू कर्ज काढतोयस, आणि ते मला बघवत नाही.

आधी हप्त्याचं बोलतो. महिन्याला तीन हजारांच्या आसपास बसेल. वर प्रोसेसिंग फी. बिनव्याजी म्हणतात त्यातही बहुतेक वेळा व्याज आत असतंच. ते किमतीतून वजा दाखवतात आणि त्या व्याजावरचा जीएसटी आपल्याकडून घेतात, म्हणून कागदावरची बारीक अक्षरं एकदा वाच. पण माझी खरी काळजी वेगळी आहे. डाळिंबाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि हप्ता दर महिन्याच्या ठरल्या तारखेला जातो. बागेवर तेल्या रोग पडला म्हणून कुणी हप्ता थांबवत नाही. मागच्या वर्षी तुझ्या बागेत झाडाखाली पडलेला फळांचा खच मी पाहिलाय. होस्टेल, मेस, फी असे न टळणारे खर्च समोर असताना टाळता येणारं एक ओझं कशाला घ्यायचं?

आता जुन्याचं. सांगलीला विलिंग्डन कॉलेजात असताना आपल्या दोघांत एक सायकल होती, आठवते? विश्रामबागेतल्या एका गृहस्थाकडून घेतलेली, तिसऱ्या हाताची. तिच्यावर आपण तीन वर्षं काढली. त्या सायकलीमुळे आपली मान कधी खाली गेली नाही. आजही अकरावी-बारावीची मुलं अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घेतात, तिथे कोणी लाजताना मी पाहिलेलं नाही. तू स्वतः ट्रॅक्टर जुना घेतलास आणि तो घेताना इंजिन उघडून बघितलंस. मग फोनच्या बाबतीतच जुनं म्हणजे उष्टं असं का वाटावं?

आबांची मला फार आठवण होते या विषयात. रविवारी सांगोल्याच्या बाजारात आपण त्यांच्या मागे फिरायचो. बैलाची शिंगं कितीही रंगवलेली असोत, आबा आधी तोंड उघडायचे. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळला, हे वय दातांवरून ठरायचं. मग चालवून बघायचे, खूर बघायचे, मालकाला सरळ विचारायचे, "खोड काय हाय?" रुमालाखाली बोटं धरून सौदा झाला तरी बाजार समितीची पावती हातात पडल्याशिवाय त्यांनी कधी दावं धरलं नाही. जुना फोन घ्यायचा तो असाच घ्यायचा. फोनलाही दात असतात, कुठे बघायचे ते माहीत हवं.

मला ते माहीत नव्हतं तेव्हा मी फसलो. २०२१ साली, शाळा ऑनलाइन होत्या तेव्हा, रोहनसाठी इथल्या एका दुकानातून साडेसहा हजारांना फोन घेतला. बिल मागितलं नाही, खोकाही नव्हता. चार दिवस चालला, मग अडकला. बटणं दाबून रिसेट केला तर पडद्यावर आलं की आधीच्या मालकाचं गूगल खातं आणि पासवर्ड घाला. अँड्रॉइडमध्ये हे कुलूप चोरीला आळा बसावा म्हणूनच असतं. सेटिंग्जमधून खातं न काढता फोन पुसला तर तो जुन्या मालकाशिवाय उघडत नाही. दुकानदारानं हात वर केले. पैसे तर गेलेच, पण मला जास्त छळलं ते या विचारानं, की हा कुणाचा तरी चोरीला गेलेला फोन असेल. त्यात कुणाच्या आईचे फोटो असतील. शेवटी मी तो पोलीस ठाण्यात नेऊन दिला. रोहननं ती परीक्षा त्याच्या आईच्या फोनवर दिली. तेव्हा ठरवलं, पुन्हा जुनं घ्यायचं तर नीट शिकून.

आणि शिकलो. सध्या माझ्या हातात आहे तो गॅलेक्सी एस २२. २०२२ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा ७२,९९९ रुपये किंमत होती. मी तो डिसेंबर २०२३ मध्ये साडेसव्वीस हजारांना घेतला, बिल आणि खोक्यासकट. दोन वर्षंही न झालेल्या वस्तूची जी किंमत उतरली, ती सगळी पहिल्या मालकानं सोसली. यंदा एप्रिलमध्ये कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी बदलून घेतली. अजून एकदाही त्यानं दगा दिलेला नाही.

तर दात कुठे बघायचे? सगळ्यात आधी फोनचं उरलेलं आयुष्य. ते तो किती दिवस वापरलाय यावर कमी आणि कंपनी त्याला सुरक्षा अपडेट कधीपर्यंत देणार यावर जास्त ठरतं. अपडेट थांबले की फोन चालत राहतो, पण त्यात यूपीआय आणि बँक ठेवणं धोक्याचं. मनूचं शिक्षण चार वर्षांचं, म्हणजे २०२९ पर्यंत. माझ्या एस २२ ला पाच वर्षांचे सुरक्षा अपडेट आहेत, ते २०२७ मध्ये संपतील. एस २३ चे २०२८ मध्ये. म्हणून ते दोन्ही, कितीही स्वस्त मिळाले तरी, तिच्यासाठी नकोत. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या एस २४ ला मात्र सॅमसंगनं सात वर्षं दिली आहेत, म्हणजे २०३१ पर्यंत. गूगलनं पिक्सेल ८ पासून, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, तेच केलं. परवा मी एक एस २४ बघून आलो, ३४ हजार सांगत होता. पोरगी डिग्री घेऊन बाहेर पडेल तरी त्याचे अपडेट चालू असतील. तुझ्या बावन्न हजारांच्या नव्या फोनला किती वर्षं देणार, हे त्या दुकानदाराला विचारलंस का? विचार.

दुसरं, चोरीचा नाही ना. *#०६# डायल केलं की पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक, पडद्यावर येतो. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. मग इंग्रजीत केवायएम (KYM) लिहून, एक जागा सोडून, तो आकडा १४४२२ वर एसएमएस करायचा. दूरसंचार विभागाकडून उत्तर येतं. त्याच विभागाच्या संचार साथी पोर्टलवरही हे बघता येतं. काळ्या यादीत किंवा डुप्लिकेट असं आलं तर तिथून उठायचं, भाव कितीही उतरवला तरी. ही सोय रोहनच्या फोनच्या वेळी मला माहीत असती तर!

तिसरं, कुलूप. विकणाऱ्यानं आपल्यासमोर सेटिंग्जमधून स्वतःचं खातं काढायचं, तिथूनच रिसेट करायचं, आणि मग मनूचं खातं घालून फोन पूर्ण सुरू झाला की पैसे. आयफोन असेल तर त्यालाही असंच कुलूप असतं. कुणी म्हणालं की खातं घरी जाऊन काढतो, आधी टोकन द्या, तर द्यायचं नाही.

आता शरीर. तापकीर गल्लीत किंवा कुठेही गेलास तर सरळ विचार, "ओपन झालाय का? फोल्डर ओरिजिनल आहे का?" ओपन म्हणजे दुरुस्तीसाठी उघडलेला. फोल्डर म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले यांचा जोड. फुटल्यावर स्वस्तातला कॉपी फोल्डर टाकलेले फोन बाजारात पुष्कळ असतात. उन्हात न्यावा, पडदा पूर्ण पांढरा करावा, मग गडद. हिरवी रेघ, पिवळट डाग, कीबोर्डची पुसट सावली उरलेली दिसली तर नको. सॅमसंगवर *#०*# दाबलं की पडदा, टच, कॅमेरे, सेन्सर तपासायचा एक तक्ताच उघडतो. दोन्ही सिम घालून बघायची, कॉल लावून आपला आवाज पलीकडे विचारायचा, चार्जर लावून जॅक हलवून बघायचा. एकदा उघडलेल्या फोनचा पाण्यापासूनचा बचाव पहिल्यासारखा राहत नाही, हे मनूला सांगायला हवं. पुण्याचा पाऊस आणि तिचं विसराळूपण मला माहीत आहे.

बॅटरीला मात्र लोक उगाच घाबरतात. ती झिजणारच. आयफोन १४ पर्यंतच्या फोनांबद्दल खुद्द ॲपल सांगतं की पाचशे पूर्ण चार्जनंतर साधारण ८० टक्के क्षमता उरावी. ट्रॅक्टरचा टायर घासला म्हणून तू ट्रॅक्टर सोडत नाहीस, टायरचे पैसे भावातून कमी करून घेतोस. इथेही तसंच. मदरबोर्डचं काम झालेला फोन मात्र फुकट दिला तरी घेऊ नये.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. तू दहा-बारा हजारांतला फोन बघत असतास तर मी म्हटलं असतं, नवाच घे. त्या भावातल्या जुन्या फोनांत आयुष्य फारसं उरलेलं नसतं. फायदा वरच्या फोनांत आहे. नव्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, २०२० च्या एप्रिलपासून. तुझ्या बावन्न हजारांत जवळजवळ आठ हजार कराचे आहेत. जुन्या वस्तूंचा व्यापारी ठरावीक अटी पाळून फक्त खरेदी आणि विक्रीतल्या फरकावर कर भरू शकतो, त्यामुळे बिलासकट घेतलं तरी फार महाग पडत नाही. आणि वहिनींना धाकधूक असेल तर सहा महिन्यांची वॉरंटी देणाऱ्या रिफर्बिश्डवाल्याकडून, म्हणजे जुने फोन तपासून-दुरुस्त करून विकणाऱ्याकडून, घेऊ. दोन-तीन हजार जास्त जातील, ते मला योग्य वाटतात.

तुला कधी बोललो नाही ते लिहितो. बॅटरीतलं कोबाल्ट जगात सगळ्यात जास्त काँगोतून येतं, आणि तिथल्या हातानं खणल्या जाणाऱ्या कितीतरी खाणींत मनूपेक्षाही लहान पोरं राबतात. हे वाचल्यापासून चांगला चालणारा फोन कुणाच्या कपाटात पडून राहिलेला बघितला की मला वाईट वाटतं. तुझ्या शेतात माती वाहून जाताना तुला वाटतं, तसंच काहीसं.

मनूला माझं पत्र वाचायला दे, लपवू नकोस. तिला काय वाटतं ते तिनं ठरवावं. ती काल मागून ओरडली ना, "काका, मला फक्त कॅमेरा चांगला हवा", ते मी ऐकलं. एस २४ चा कॅमेरा मला तरी उजवा वाटतो, तिला दोन्हींनी काढलेले फोटो शेजारी ठेवून दाखवीन.

तोवर त्या दुकानात पुढच्या कुठल्याही कागदावर सही करू नकोस, एवढं माझ्यासाठी कर. प्रवेशाच्या कॅप राउंडच्या कागदपत्रांसाठी तुम्ही येणारच आहात, तेव्हा एक दिवस जास्तीचा काढा. सकाळच्या एसटीनं या, मी स्वारगेटला असेन. येताना मनूचं आधार आणि एक चालू सिम आण, आणि आबांचं जुनं भिंगही घेऊन ये. चार्जिंगच्या जॅकमधला गंज त्यातून झकास दिसतो.

वहिनींना नमस्कार, मनूला खूप आशीर्वाद.

तुझा,
सुधीर