काका, तुम्ही मेन स्विच बंद केलात त्याबद्दल

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव न घेता हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण अट तुमचीच. "नाव टाकलंस तर उद्यापासून फोन सुरू होतील, आणि मला दुपारी झोपायचं असतं." तेव्हा नुसतं काका.

आपली ओळख झाली ते मुंबईतलं माशांच्या टाक्यांचं दुकान आठवतंय ना? घरी खाऱ्या पाण्याची, समुद्री माशांची टाकी करायची म्हणून मी नाशिकहून भलीमोठी यादी घेऊन आले होते. दुकानदाराने काउंटरखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेली प्रवाळाची फांदी काढली आणि "खास तुमच्यासाठी ठेवलीय मॅडम" वगैरे सुरू केलं. तुम्ही शेजारी पंपाचं रबर बदलून घेत होतात. मान वर न करता म्हणालात, "वाघाचं कातडं दिलं तर घेशील का?"

मला रागच आला होता, खरं सांगते. मग बाहेर टपरीवर कटिंग घेताना तुम्ही उलगडून सांगितलंत. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा, वाघ ज्या पहिल्या अनुसूचीत आहे तिच्यातच 2001 मध्ये घातलेले सगळे दगडी प्रवाळ, समुद्रपंखे (पंख्यासारखे पसरणारे प्रवाळ), समुद्रघोडेसुद्धा. मेलेला सांगाडाही चालत नाही, आणि 'लाइव्ह रॉक' म्हणून जो दगड गळ्यात मारतात तो बहुधा प्रवाळाचाच असतो. बोलता बोलता माझी यादी घेतलीत आणि निम्मी खोडलीत. तोवर मला प्रत्येकाने काही ना काही विकलं होतं. "हे नको" म्हणणारे तुम्ही पहिलेच.

पुढचं "नको" वजनावरून. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट उंच टाकी, तीही पहिल्या मजल्यावर. पाणीच आठशे लिटर. काच, दगड, वाळू, स्टँड धरून सव्वा टन. राहत्या घराचा स्लॅब करताना वापराचा भार चौरस मीटरला 200 किलो धरतात, आणि आमची टाकी तेवढ्याच जागेत 900 च्या घरात जाणार होती. मी म्हटलं, लग्नाला हॉलमध्ये पन्नास माणसं उभी होती की! "पाहुणे उठून जातात. टाकी जात नाही." स्ट्रक्चरल इंजिनिअरचा कागद हातात येईपर्यंत तुम्ही माशांचा विषयच काढू दिला नाहीत. खिडकीसमोर मिरवायची टाकी शेवटी जिन्याकडच्या भिंतीला, बीमच्या बरोबर वर गेली.

प्रवाळाचे नकोत म्हणून टाकीतले दगड आपण घरीच केले. पांढरं सिमेंट, कालवांच्या शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ. मीठ कशाला, तर ते पाण्यात विरघळून जातं आणि दगडात भोकं राहतात, जिवाणूंना राहायला. मग स्लॅबला पाणी मारतात तसं रोज पाणी बदलायचं, सिमेंटचा क्षार निघून जाईपर्यंत. दोन महिने गच्चीवर टबांची रांग होती. शेजारच्या काकू विचारायच्या, "लोणचं घातलंय का गं?"

आणि मिठाचं पाणी! आधी आरओचा फिल्टर लावून पाण्यातले क्षार काढायचे, मग लिटरला 36-37 ग्रॅमच्या हिशेबाने विकतचं समुद्री मीठ घालायचं. सासूबाई म्हणाल्या, "काढायचं होतं कशाला मग?" याचं उत्तर अजून मला त्यांच्या समाधानाचं देता आलेलं नाही. पहिल्या ड्रममध्ये मी मीठ ओतून त्यावर पाणी सोडलं. पाणी ताकासारखं पांढरं झालं आणि दुसऱ्या दिवशीही पांढरंच. फोनवर तुमचा एकच प्रश्न: "मीठ आधी की पाणी आधी?" मीठ आधी पडलं की तळाशी सगळं दाट होतं, कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरतात आणि चुना होऊन बसतात. सात किलो मीठ मोरीत गेलं.

एप्रिलमध्ये रोज आठ-दहा लिटर पाणी उडायला लागलं तेव्हा मी हुशारी करून खारं पाणीच वरून घालत होते. आठवड्यात खारटपणा मोजायच्या मीटरचा आकडा 1.025 वरून 1.027 वर. तुम्ही म्हणालात, "रस्सा आटला तर मीठ घालतेस की पाणी?" हे वाक्य मी फ्रिजवर लिहून ठेवलंय.

पण पत्र लिहायला बसले ते त्या रविवारासाठी. तपोवन एक्स्प्रेसने आलात. टाकी भरलेली, सम्पमधून, म्हणजे खालच्या छोट्या टाकीतून, पंप पाणी वर फेकतोय, वरून सांडून परत खाली येतंय, सगळं कसं झुळझुळ. मी कौतुकाच्या अपेक्षेने उभी. तुम्ही चहा संपवलात, उठलात आणि कुणाला न विचारता घराचा मेन स्विच खाली ओढलात.

पंप थांबला. पाणी मात्र थांबलं नाही. वर नेणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्यात बुडालेलं, त्यामुळे त्याच पाइपातून पाणी उलटं खाली यायला लागलं. सम्प भरला, काठाला आला, सांडला. मी टॉवेल, चादरी, हाताला लागेल ते टाकत होते, आणि तुम्ही स्टुलावर बसून टाकीतली पातळी बघत होतात! पाच मिनिटांत हॉलमध्ये खारा ओढा. मग पिशवीतून ड्रिल काढलंत, सासऱ्यांनी इन्व्हर्टरवरून जोडून दिलं, आणि पाइपाच्या वाकावर, पाण्याच्या पातळीखाली बोटभर अंतरावर एक भोक पाडलंत. पुन्हा भरलं, पुन्हा स्विच ओढला. पाणी भोकापर्यंत उतरलं, पाइपात हवा शिरली, "घुर्र" असा आवाज आला आणि ओघ तुटला. सम्पमध्ये चार बोटं जागा शिल्लक.

"हे भोक महिन्यातून एकदा टूथब्रशने घासायचं. शेवाळानं बुजलं की परत ओढा." एवढं सांगून संध्याकाळच्या तपोवनने गेलातही. मी तेव्हा नीट निरोपही दिला नाही, लादी पुसत होते.

मे महिन्यात वळवाच्या वादळात रात्री नऊला लाइट गेले ते पहाटे तीनला आले. आम्ही त्या रात्री भाच्याच्या साखरपुड्याला सिन्नरला होतो. घरी आलो तर लादी कोरडी होती. टाकीत तेव्हा दगड, पाणी आणि कुजायला टाकलेली एक कोळंबी, एवढंच. (अमोनिया व्हावा, तो खाणारे जिवाणू वाढावेत म्हणून. सासूबाईंना ती शास्त्रापुरती आहे असं सांगितलं होतं.) अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला 38 दिवस लागले. त्यात काचेवर तपकिरी थर आला तेव्हा मी रडकुंडीला आले होते आणि तुम्ही "येऊ दे, जाईल" एवढंच म्हणाला होतात. गेला.

आता टाकीत हॅचरीत वाढलेल्या क्लाउनफिशची जोडी आहे, एक सफाई करणारी कोळंबी, शंख आणि समुद्री शेवाळ. प्रवाळ एकही नाही. येणारा प्रत्येक जण विचारतो, आणि मी वाघाच्या कातड्यापासून सुरुवात करते.

तुमचा ड्रिलचा सहा मिलिमीटरचा बिट माझ्याकडेच राहिलाय. न्यायला या. कोळंबीचं कालवण करते. सासूबाई त्या दिवशी जेवायला नणंदेकडे जाणार आहेत.

तुमची,
नाशिकची पोरगी