छावणीत रांगोळी कोण काढतं?

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही ही तुमची अट, म्हणून नुसतं काका. आभार मानायचे नाहीत, असं मात्र तुम्ही म्हणाला नव्हतात.

दर बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात फिरून मी परक्यांच्या घरचे फोटो गोळा करतो, हे ऐकून लोक जरा चमत्कारिकच बघतात. तुम्ही फक्त विचारलंत, "आणलेत का?" पाकिटात सगळ्यात वर माझा लाडका फोटो होता. अर्धगोल पत्र्याचं छप्पर, पुढे नऊवारीतल्या बाई, शेजारी सायकल धरून मुलगा. सव्वादोन इंची चौकोनी प्रिंट, निगेटिव्हएवढीच. मागे मी पेन्सिलीने रुबाबात लिहिलं होतं, 'लष्करी छावणी, खडकी'.

तुम्ही भिंग धरलंत. "छावणीत रांगोळी कोण काढतं रे? आणि ही तुळस बघ, डालड्याच्या डब्यात."

दोन वर्षं तो फोटो माझ्याकडे होता आणि रांगोळी मला दिसली नव्हती! पुण्यात चूक दाखवणारे पुष्कळ भेटतात. ती दाखवून वर चहा पाजणारे विरळा.

छप्पर लष्करी धाटणीचंच, पण घर पूरग्रस्तांचं. गोखलेनगरची निसन हट, म्हणजे अशा अर्धगोल पत्र्याचं घर. १२ जुलै १९६१ ला बांधकाम चालू असलेलं पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या, एवढं मला पाठ होतं. भिजलेल्या फोटोंचं काय होतं, ते तुम्ही सांगितलंत. जिलेटिनचा थर फुगतो, सुकताना फोटो एकमेकांना चिकटतात. घाईने ओढले की एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीला लागून येतो. तुमच्या डार्करूममध्ये तेव्हा लोक असे गठ्ठे घेऊन यायचे, आणि बऱ्याच जणांना तुम्हाला नाही म्हणावं लागलं. हे सांगताना तुम्ही भिंग पुसत होतात.

माझ्या पाकिटातही दोन फोटो चिकटलेले होते. तुम्ही ते परातीत गार पाण्यात सोडलेत आणि तासभर मला हात लावू दिला नाहीत. मग एक कोपरा आपसूक उचलला गेला. आतून त्याच बाई निघाल्या, दारात उभ्या, आणि दारावर रंगवलेला खोलीचा नंबर.

पुढचं काम तुमच्या फोनच्या वहीने केलं. तिसऱ्या फोनला घर सापडलं.

सायकलवाला मुलगा आता सत्तरीपुढचा. पुराच्या आधीचा त्यांच्याकडे एकही फोटो नाही. नंतरचे घर बदलताना रद्दीत गेले. फोटो त्यांनी बराच वेळ धरून ठेवला. आईबद्दल काही बोलतील असं मला वाटलं होतं. म्हणाले, "सायकल आमची नव्हती. फोटोपुरती मागून आणलेली."

दोन्ही फोटो मी त्यांना देऊन आलो, माझ्याकडे स्कॅन आहेत. खरं सांगतो, देताना जिवावर आलं होतं. तुम्ही सोबत नसतात तर दिले असते की नाही, कोण जाणे.

बाजारात परवा आणखी एक चिकटलेली जोडी मिळाली आहे. रविवारी घेऊन येतो. काकूंना सांगा, या वेळी ट्रे माझा मी आणेन, त्यांच्या कणकेच्या परातीला हात लावणार नाही.

तुमचा,
एक फोटोवेडा

पुणे