पलंगापासून मोरीपर्यंत: डॉक्टरसाहेबांना आभारपत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सादर नमस्कार.

मी आपल्या एका रुग्णाची मुलगी. माझे वडील सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या चादरीच्या कारखान्यात तीसहून अधिक वर्षे जॉबर, म्हणजे माग बसवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर, होते. मूत्रपिंडाच्या कर्करोगाने त्यांच्या उजव्या खुब्याची वाटी पोखरली आणि आपण गेल्या भाद्रपदात पुण्यात त्यांची शस्त्रक्रिया केलीत. समोरासमोर आभार मानून झाले आहेत. तरीही हे पत्र चारचौघांना वाचता यावे म्हणून लिहिते आहे, कारण ‘कर्करोग हाडात उतरला, आता घरी न्या’ एवढेच ऐकून परतलेली माणसे मी आमच्याच पेठेत पाहिली आहेत आणि आपण आम्हाला जे समजावून सांगितलेत ते त्यांच्याही कानावर पडायला हवे होते.

वडिलांचे डावे मूत्रपिंड चार वर्षांपूर्वी काढले होते. उन्हाळ्यात जांघेत दुखू लागले तेव्हा त्या आजाराची आठवण आम्हा घरच्यांनाही झाली नाही. एका दवाखान्यात सायटिका समजून कमरेचा पट्टा आणि मालिश सांगण्यात आले, त्यात अडीच महिने गेले. मूत्रपिंड, स्तन, प्रोस्टेट, थायरॉईड आणि फुप्फुस यांचे कर्करोग हाडांकडे वळतात, पहिला उपचार होऊन काही वर्षे लोटल्यावरही वळू शकतात, हे त्या वेळी कोणी एका वाक्यात सांगितले असते तर एक्स-रे लवकर निघाला असता. हे मी राग म्हणून लिहीत नाही; ज्यांच्या घरी असा जुना आजार होऊन गेला आहे त्यांनी रात्री वाढणारे दुखणे अंगावर काढू नये, एवढ्यासाठीच लिहिते.

आपण महिन्यातून एकदा सोलापुरात रुग्ण तपासायला येता, त्या दिवशी आम्ही फिल्म घेऊन आलो. मांडीच्या हाडाचा गोळा ज्या वाटीत बसतो, तिच्या वरचे हाड त्या फिल्मवर विरलेल्या कापडासारखे दिसत होते. ती पाहताच आपण उठून चाकाची खुर्ची मागवलीत आणि या पायावर आता भार द्यायचा नाही असे बजावलेत. त्यानंतर आपण वडिलांना विचारलेत, “काका, तुम्हाला काय करता यायला हवंय?” वडील म्हणाले, “पलंगावर भांडं नको. मोरीपर्यंत माझ्या पायानं जायचंय.” आपण ते वाक्य केसपेपरवर जसेच्या तसे लिहून घेतलेत. तो कागद मी जपून ठेवला आहे.

या आजारात हाडात एकच गाठ असेल तर ती मुळासकट काढण्याचा विचार होऊ शकतो. पण वडिलांच्या मणक्यात आणि एका बरगडीतही आजार दिसत होता, म्हणून ही शस्त्रक्रिया कर्करोग बरा करण्यासाठी नाही, दुखणे कमी करून उभे राहता यावे यासाठी आहे, हे आपण वडिलांच्या देखत सांगितलेत. मी आपल्याला बाहेर बोलावून ‘त्यांना सांगू नका’ म्हणणार होते. ती वेळ आपण येऊ दिली नाहीत, आणि ते किती योग्य होते हे मला पुढच्या महिन्यांत कळले. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, सांधा निखळणे, पायाच्या नसेला इजा होऊन पाऊल लुळे पडणे, यातला एकही धोका आपण हातचा राखला नाहीत.

हाडात सळ्या घालून त्यांच्या आधारावर नवा सांधा बसवायचा, असे आपण म्हणालात तेव्हा वडिलांनी जॉबरचाच प्रश्न विचारला: “सळ्या रोवणार कशात? हाड तर पोखरलंय.” माग बसवताना खालची जमीन भुसभुशीत असेल तर बोल्ट धरत नाहीत, हे त्यांना पक्के ठाऊक. आपण फिल्मच्या पाकिटावर पेनाने कमरेचा कटोरा काढलात आणि वाटीच्या बऱ्याच वर, पाठीच्या सांध्याजवळ हाड अजून धड आहे तिथे टोक करून दाखवलेत. पोखरलेला भाग खरवडून सळ्या त्या धड हाडात घालायच्या, मधली पोकळी हाडाच्या सिमेंटने भरायची आणि त्यावर नव्या सांध्याची वाटी बसवायची. ही पद्धत अमेरिकेतील डॉ. केव्हिन हॅरिंग्टन यांनी १९८१ मध्ये मांडली, हेही आपण सांगितलेत. हे सिमेंट काही मिनिटांत घट्ट होते, हाड जुळायची वाट पाहावी लागत नाही, म्हणून रुग्णाला लवकर उभे करता येते, हे ऐकून वडिलांनी पहिल्यांदा मान हलवली.

पुण्याला आम्ही त्यांना रुग्णवाहिकेतून आडवे झोपवून नेले. मूत्रपिंडाची गाठ हाडातही फार रक्ताळ असते, म्हणून शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी धमनीतून बारीक नळी घालून गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बंद केल्या. तरीही रक्त लागलेच. आपण रात्री साडेनऊला बाहेर आलात, टोपी हातात होती, आणि आधी “पाऊल हलतंय” एवढेच म्हणालात. बाकीचे नंतर सांगितलेत. आम्ही दिवसभर त्याच शब्दांची वाट पाहत होतो हे आपल्याला कसे कळले, ते मला अजून उमजलेले नाही.

जखम भरल्यावर बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये किरणोपचार झाले. हाडे टिकवण्याचे इंजेक्शन सुरू करण्याआधी आपण दात तपासून घ्यायला लावलेत आणि एकच मूत्रपिंड असल्यामुळे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसे चालते ते दाखवणारी रक्ततपासणी, पाहून मात्रा ठरवलीत. कर्करोगाच्या गोळ्या चालू आहेत. मणक्यातला आजार आहे तिथे आहे, आणि वडिलांना ते ठाऊक आहे.

घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्यातली एक रात्र आपल्याला सांगायची आहे. दोनच्या सुमारास शहाबादी फरशीवर वॉकर टेकल्याचा आवाज आला. मी उठणार होते, आईने अंधारातच माझा हात धरला. वॉकर, पाऊल, पाऊल, मधे थांबणे, पुन्हा वॉकर. मोरीची कडी वाजली, पाण्याचा आवाज झाला आणि तेवढ्याच सावकाशीने ते परत येऊन पलंगावर बसले. आई काही बोलली नाही, तिने फक्त पदर तोंडाला लावला. सकाळी भांडे घासून तिने माळ्यावर ठेवून दिले.

या संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज रस्त्याने जाईपर्यंत ते कडेला उभे होते. डॉक्टरसाहेब, आपल्या हातांचे, त्या दिवशीच्या स्पष्ट बोलण्याचे आणि केसपेपरवरच्या त्या ओळीचे आम्ही सारे मनापासून आभारी आहोत. पुढच्या तपासणीला वॉकर घरी ठेवून काठीवर आले तर चालेल का, असे वडिलांनी विचारायला सांगितले आहे.

आपली कृतज्ञ,
एका जॉबरची मुलगी, सोलापूर