आखाजीनंतर शाळेची किल्ली तरुणांच्या हाती द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

एप्रिल लागला की आपल्या वृत्तपत्रात उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती दिसू लागतात. पोहणे, चित्रकला, अबॅकस, रोबोटिक्स. मूल तिथे काय काय शिकेल, हे प्रत्येक जाहिरातीत असते. ही शिबिरे हवीतच. मला लिहायचे आहे ते शिबिर घेणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींबद्दल. चाळीसगाव तालुक्यातल्या माझ्या गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओसरीवर, कॉलेजात असताना दर सुट्टीत आम्ही मैत्रिणी मुलांचे शिबिर घ्यायचो. फी नाही, मानधन नाही. आज मी पतसंस्थेत काउंटरवर बसते. तिथे माणसांशी जे निभावून नेते, त्यातले बरेचसे मी त्या ओसरीवर शिकले.

आमच्या गावापासून बंजारा समाजाचा तांडा हाकेच्या अंतरावर आहे. तरी कॉलेजात जाईपर्यंत मी तांड्यावर पाऊल ठेवले नव्हते. तिथल्या मुलांची नावे आमच्याच शाळेच्या पटावर. पण दिवाळीच्या सुमारास ती आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची ती उन्हाळ्यातच परतायची. शाळा भरते तेव्हा ती गावात नसतात आणि ती गावात येतात तोवर शाळेला कुलूप लागायची वेळ झालेली असते. हे मला कुणी सांगितले नव्हते, पुस्तकातही वाचले नव्हते. शिबिरासाठी मुले गोळा करायला दारोदार फिरले तेव्हा कळले.

हे फिरणेच खरे शिक्षण. मुलगे खेळाच्या नावाने लगेच येतात, मुलींसाठी मात्र घरच्यांशी बोलावे लागते. उन्हाळा म्हणजे बिबडे-पापडांचे दिवस, पाण्याची ओढाताण, लहान भावंडे सांभाळायची. एका ओट्यावर आजीबाईंनी मला हटकले, “इतला उनमा कोठे जाई राह्यनी वं माय?” मी शिबिराचे सांगू लागले, तर त्यांनी आधी बिबड्यांचा घाटा माझ्यापुढे सरकवला. तासभर बिबडे टाकता टाकता बोलणे झाले. नात किती वाजता घरी येईल, तिच्याबरोबर कोण असेल, पाणी कुठले प्यायला देणार, सगळे त्यांनी विचारून घेतले. दुसऱ्या दिवशी नात आली, शेजारच्या दोघींना घेऊन आली. तांड्यावर नाईकांनी, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांनीही तेच विचारले आणि वर एक प्रश्न घातला, “आमच्या पोरांना वेगळं बसवणार नाही ना?” वीस वर्षांच्या पोरीला या प्रश्नाचे उत्तर नाईकांच्या डोळ्यांत बघून द्यावे लागते, आणि पुढचे सगळे दिवस ते पाळावे लागते. कॉलेजातल्या कुठल्याच तोंडी परीक्षेत मला असे उत्तर द्यावे लागले नव्हते.

आपल्याकडचे ऊन सांगायला नको. पारा पंचेचाळीसला टेकतो. म्हणून शिबिर सकाळी सातला सुरू करून दहाला आटोपायचे. ओसरीवर दोन माठ, डोक्याला रुमाल असल्याशिवाय मैदानात उतरायचे नाही, आणि लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून केलेले पाणी कायम तयार. कोणते मूल गप्प झाले, कोणाचा चेहरा उतरला, यावर सतत लक्ष ठेवावे लागते. पन्नास मुलांत एकाकडे लक्ष राहणे ही सवय लागली की ती आयुष्यभर जात नाही.

तांड्यावरचा एक मुलगा होता, चौथीच्या पटावरचा. बाकीची मुले भित्तिपत्रकासाठी लिहीत बसली की तो खांबाला टेकून सुतळीशी चाळा करायचा. एकदा ओसरीवर येणारे ऊन अडवायला आम्ही ताडपत्री बांधत होतो. वाऱ्याने गाठ पुन्हा पुन्हा निसटत होती. तो उठला, माझ्या हातातून दोरी घेतली, दोन पीळ दिले, टोक आत दाबले आणि अंगाचा भार टाकून गाठ ओढून पाहिली. आईबाप उसाची मोळी बांधतात तशी ती गाठ होती. नंतर ताडपत्री हलली नाही. मुले त्याच्याभोवती जमली. त्या दिवशीच्या भित्तिपत्रकात ‘गाठ कशी बांधावी’ हा मजकूर त्याचा. त्याने सांगितला, एका मुलीने लिहिला. चित्र मात्र त्याला पटेना. चित्र बघून दुसऱ्याला गाठ बांधता आली पाहिजे, असा त्याचा हट्ट. तिने ते खोडून पुन्हा काढले, तेही त्याने नापास केले. शेवटी पेन्सिल स्वतः घेतली आणि दोरीचे कोणते टोक वरून जाते, कोणते खालून, हे बाणांनी दाखवले. गावातल्या एका मुलाने ते बघून पहिल्या फटक्यात गाठ बांधली, तेव्हा कुठे कागद भिंतीवर लागला.

तेव्हापासून शिबिराच्या पहिल्या सकाळी मी प्रत्येक मुलाला आधी विचारू लागले, “तुला काय येतं?” माझ्या आजच्या कामातही तेच चालू आहे. हप्ता थकलेली बाई आली की आधी तिला बसवते, या हंगामात हाती काय लागले ते विचारते, आणि मग खाते उघडते. तिच्याशी बोलण्यातून वाट निघते.

भित्तिपत्रकाची कल्पना आमची नव्हे, साने गुरुजींची. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. तिथल्या छात्रालयात मुलांसाठी ते हाताने लिहिलेले दैनिक काढत, त्यांच्या खोल्याही झाडत. १९३० मध्ये त्यांनी शाळा सोडली आणि ते सत्याग्रहात उतरले. अमळनेरला ते आधी तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आले होते. गुरुजी मुलांसाठी काय होते हे आपण नेहमी ऐकतो. त्या मुलांनी गुरुजींना काय दिले असेल, याचाही विचार खान्देशातल्या तरुणांनी करावा असे मला मनापासून वाटते.

आता मागणीकडे येते. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. त्यात स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते, शिवाय सात दिवसांचे विशेष शिबिर. ते शिबिर बहुधा हिवाळ्यात होते, आणि नेमकी तेव्हा ऊसतोडीची मुले गावात नसतात. आपल्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. शाळेत न जाताही किती शहाणपण असू शकते, हे त्यांच्याइतके कुणी दाखवले नाही. त्या विद्यापीठाने मे महिन्यात आपापल्या गावी मुलांचे शिबिर घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे तास या २४० तासांत धरावेत. आम्ही विचारले तेव्हा “सुट्टीतले तास मोजता येत नाहीत” असे सांगण्यात आले. मुलांना सुट्टी असते म्हणून तर शिबिर तेव्हा होते!

ग्रामपंचायत आणि मुख्याध्यापकांना विनंती, की वर्गखोल्या नाही तरी ओसरी, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह तेवढे उघडे राहू द्यावे. मुली येण्या-न येण्याचा निम्मा प्रश्न स्वच्छतागृहाच्या कुलपाशी अडतो. आणि आपल्या वृत्तपत्राला विनंती, की शिबिरांच्या पानावर एक चौकट गावोगावच्या अशा बिनपैशाच्या शिबिरांसाठी ठेवावी. कोणत्या गावी, किती वाजता आणि मदतीला कोण हवे, एवढेच त्यात द्यावे. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ऊसतोडीच्या बहुतेक टोळ्या परतलेल्या असतात. तेव्हा ही चौकट त्याच आठवड्यात यावी.

आपली,
एक वाचक, ता. चाळीसगाव, जि. जळगाव