एकविसाव्या वर्षी आलेला पैसा राखायचा कोणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या तरुण बास्केटबॉलपटूंच्या कमाईवर आलेला लेख वाचला. राग आला म्हणून पुन्हा वाचला, तरी राग गेला नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना कोट्यवधी डॉलर मिळतात, एवढ्यात जन्म निघायला हवा, आणि निघत नाही तो गाड्या, सोनं आणि मित्रांच्या टोळक्यापायी, असा लेखाचा एकूण सूर. शेवटी ‘संस्कारांची उणीव’ आहेच. लेखक महाशयांनी इतकं मोठं विधान इतक्या सहज करायला नको होतं. मी नोकरीभर शाळेत गणित शिकवलं, म्हणून आधी हिशोबाचं बोलते.

करारावरचा आकडा म्हणजे हातात पडणारा आकडा, असं धरून सगळा लेख चालला आहे. एनबीए ही तिथली बास्केटबॉलची मोठी लीग, तिचे संघ दरवर्षी फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडतात. त्यात २०२३ साली पहिल्या क्रमांकाने निवडला गेलेला फ्रान्सचा व्हिक्टर वेम्बान्यामा, त्याचा पहिल्या हंगामाचा पगार साधारण १ कोटी २० लाख डॉलर, हे बरोबर. पण अमेरिकेचा केंद्रीय प्राप्तिकर वरच्या टप्प्यात ३७ टक्के आहे. त्याचा संघ टेक्सासचा, तिथे राज्याचा प्राप्तिकर नाही. तरी संघ कॅलिफोर्नियात खेळायला गेला की तिथल्या दिवसांच्या कमाईवर कॅलिफोर्निया आपला कर घेतंच. एजंटाला ४ टक्क्यांपर्यंत द्यावे लागतात. शिवाय पगाराचे १० टक्के लीग राखून ठेवते आणि हंगामाच्या उत्पन्नाचा हिशोब लागल्यावर त्यातले किती परत द्यायचे ते ठरतं. एवढं वजा करा, निम्म्याच्या आसपास उरतं. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा, पण त्यातली पहिली दोनच पक्की. पुढची दोन वर्षं ठेवायचं की सोडायचं, हे संघाच्या मर्जीवर. दुसऱ्या फेरीतल्या पोराला तेवढीही हमी नाही.

आपला सतनाम सिंग भमरा दुसऱ्याच फेरीतला. पंजाबातल्या बर्नाला जिल्ह्याच्या बल्लो के गावचा. २०१५ साली डॅलसच्या संघाने त्याला ५२व्या क्रमांकावर निवडलं, एनबीएत निवडला गेलेला तो पहिला भारतीय. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. खालच्या लीगमध्ये खेळला आणि पुढे अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीकडे वळला. भारतीय वाचकांसाठी लिहिलेल्या एवढ्या लांबलचक लेखात त्याचं नावही नसावं?

असो. एवढी वजाबाकी करूनही मी म्हणेन की हिशोबाने पैसा पुरतो. २०२४-२५च्या हंगामात एनबीएतल्या नवख्या खेळाडूचा किमान वार्षिक पगार साडेअकरा लाख डॉलरच्या घरात होता, पुढच्या वर्षांना तो वाढतो. चार-पाच हंगामांतच बहुतेकांचा खेळ आटोपतो. तरी निम्मी रक्कम उरली आणि ती नीट ठेवली तर एका माणसाचा जन्म सुखाने निघेल. ज्युनियर ब्रिजमन बारा हंगाम खेळला, बहुतेक काळ मिलवॉकीकडून. खेळाडू म्हणून त्याचा सगळ्यात मोठा वार्षिक पगार साडेतीन लाख डॉलर. त्याने बर्गरची दुकानं घेतली, पुढे शीतपेयं बाटलीत भरण्याचा धंदा केला, आणि २०२५च्या मार्चमध्ये गेला तेव्हा अब्जाधीश होता. उलट अँटवान वॉकरने खेळातून दहा कोटी डॉलरच्या वर कमावले आणि २०१० साली दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे रक्कम किती मोठी, यावर काही ठरत नाही, हे तुमच्याही लेखकाला मान्य व्हावं.

मग कशावर ठरतं? लेखक म्हणतात स्वभावावर. इथे माझं त्यांच्याशी भांडण आहे. टिम डंकनचं उदाहरण त्यांनी का घेतलं नाही? चार वर्षं कॉलेज पूर्ण करून, मानसशास्त्राची पदवी घेऊन एनबीएत आलेला माणूस. सॅन अँटोनिओकडून पाच विजेतेपदं. ना बडबड, ना भपका. त्याचेही लाखो डॉलर गेले, आणि ते ज्याच्यावर विश्वासाने सोपवले होते त्याच आर्थिक सल्लागारामुळे. त्या सल्लागाराला २०१७ साली चार वर्षांची कैद झाली. डंकनच्या संस्कारांत काय उणं होतं?

ही बातमी मी विसरू शकत नाही, कारण त्याच वर्षी आमच्या घरात हेच झालं.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा तेव्हा एकविसातला. वडील लहानपणीच गेलेले, सातबारावर त्याचं आणि आईचं नाव. समृद्धी महामार्गात त्यांचं रस्त्याच्या कडेचं शेत गेलं. मोबदला चाळीस लाखांच्या आसपास, तोही एकरकमी, थेट खात्यात. तोवर त्या पोराने एका वेळी पाहिलेली सगळ्यात मोठी रक्कम म्हणजे कापूस विकून आलेले पैसे. रक्कम जमा झाली त्याच आठवड्यात बँकेतून फोन आला, साहेबांनी बोलावलंय. ज्या शाखेत त्याच्या आईला पीककर्जाच्या कागदासाठी दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवायचे, त्याच शाखेत त्याला काचेच्या केबिनमध्ये बसवलं, चहा पाजला, कॅलेंडर आणि बॅग दिली. तो म्हणाला, वीस लाखांची एफडी करा. साहेब म्हणाले, करून देतो. कागदांचा गठ्ठा समोर आला. जिथे जिथे सही हवी तिथे आधीच पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या. पोराने फुली पाहिली की सही केली.

पंधरा लाखांची एफडी झाली. पाच लाख विम्याच्या पॉलिसीत गेले, आणि ते पाच लाख म्हणजे एका वर्षाचा हप्ता होता. असे सात वर्षं भरायचे. पॉलिसीचं पुडकं पोस्टाने घरी आलं तेव्हा महत्त्वाचे कागद म्हणून माझ्या बहिणीने ते न फोडता देव्हाऱ्याच्या फडताळात ठेवलं. पॉलिसी नको असेल तर हाती पडल्यापासून पंधरा दिवसांत परत करता येत होती, आता ती मुदत तीस दिवसांची आहे. पण आत काय आहे हेच माहीत नसेल तर परत कोण करणार? वर्षाने दुसऱ्या हप्त्याची चिठ्ठी आली तेव्हा पोरगा माझ्याकडे आला. “मावशी, मले तं एफडीच सांगतली होती. पाच वर्षांत डबल म्हणे.”

मी त्याला घेऊन शाखेत गेले. ते साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांनी फाइल उघडली, सहीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “सही याचीच आहे ना मॅडम? मेजर आहे ना हा?” दोन्ही उत्तरं ‘हो’च होती. एकच हप्ता भरलेला, म्हणून परत मिळण्यासारखं काही नाही, असं सांगितलं. लेखी तक्रार दिली. तिचं उत्तर म्हणून त्याच सहीची झेरॉक्स आली. उरलेल्या कोरडवाहू पाच एकरांत वर्षाला पाच लाखांचा हप्ता कुठून भरणार होता तो? पऱ्हाटी आणि तुरीवर?

बाकीचे पैसे कुठे गेले तेही सांगते, कारण गावात आजही म्हणतात की पोट्ट्याने पैसा उडवला. त्याने आपल्या बहिणीचं लग्न केलं. घरावर स्लॅब टाकला. जुना ट्रॅक्टर घेतला, तो दुरुस्तीत जास्त आणि शेतात कमी. दोन नातेवाइकांना उसने दिले, ते अजून यायचे आहेत. त्यातला एक दिवाळीला तोंडही दाखवत नाही. यात उधळपट्टी कोणती? हाती चाळीस लाख आणि पाठीशी वडील नसलेल्या पोराला लग्नाच्या मांडवात ‘नाही’ म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या ज्या पोरांच्या मागे ‘टोळकं’ असतं म्हणून तुमचे लेखक नाक मुरडतात, ते टोळकं म्हणजे बरेचदा त्यांना वाढवणारी मावशी, शिकवलेला कोच, सोबत खेळलेला भाऊ असतो. घरातल्या पहिल्याच माणसाच्या हाती पैसा आला की दहा जणांची जुनी देणी त्याच्या दारात उभी राहतात. हे आमच्या तालुक्यात कुणालाही विचारा, महामार्गाच्या दोन्ही बाजूंना.

म्हणून मला त्या पोरांच्या स्वभावापेक्षा पैसा कसा दिला गेला हे महत्त्वाचं वाटतं. एनबीएतल्याच ॲलन आयव्हर्सनचं बघा. खर्चिक म्हणून त्याची ख्याती जगभर. पण एका बूट कंपनीशी केलेल्या करारातली मोठी रक्कम त्याच्या नावाने ट्रस्टमध्ये ठेवलेली आहे, आणि तो पंचावन्न वर्षांचा झाल्यावर, म्हणजे २०३० साली, ती त्याला मिळायची आहे, असं वारंवार छापून आलं आहे. त्याला पंचविशीत शहाणपण आलं नव्हतं, तरी ती रक्कम वाचली, कारण ती त्याच्या हाताला लागतच नव्हती. एनबीएत तीन हंगाम पूर्ण केलेल्या खेळाडूला निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो, तो खेळाडूंच्या संघटनेने भांडून मिळवला. पुरवणीत छापायच्या या गोष्टी होत्या.

समृद्धीच्या वेळी सुरुवातीला जमीन एकत्रीकरणाची योजना होती, त्यात काही वर्षं दरसाल रक्कम देण्याची तरतूद होती. बहुतेक शेतकऱ्यांनी ती नाकारली आणि थेट खरेदीचा पैसा घेतला. मी त्यांना दोष देत नाही. सरकारच्या कागदावर पुढची दहा वर्षं विसंबून राहण्याइतका विश्वास सरकारने आमच्याकडे कधी कमावलेला नाही. पण निम्मी रक्कम रोख आणि निम्मी पोस्टाच्या मासिक योजनेसारख्या ठिकाणी, एवढं तरी मोबदला देताना कोणी समजावून सांगायला काय हरकत होती? जमीन मोजायला माणसं होती, खरेदीखताला माणसं होती, सत्काराचा नारळ द्यायलाही होती. पैसे कुठे ठेव, कुठे ठेवू नको, हे सांगायला आलेला एकमेव माणूस पॉलिसी विकणारा होता.

आणि संपादक महोदय, हा लेख संपतो त्याच्याच मागच्या पानावर आपण काय छापलं आहे ते पाहावं. महामार्गाच्या इंटरचेंजजवळच्या प्लॉटची अर्धं पान जाहिरात. ‘तीन वर्षांत दुप्पट, हमखास.’ एन.ए., म्हणजे जमीन बिगरशेती, झालं आहे की नाही, याचा एक शब्द त्यात नाही. पुढच्या पानावर तरुणांना पैशाचं भान नाही म्हणून उपदेश, आणि मागच्या पानावर हे. माझ्या भाच्यासारखी पोरं लेख वाचत नाहीत, जाहिरात वाचतात. आपल्या पेपरवर आमच्या घरात तीन पिढ्यांचा विश्वास आहे, म्हणून एवढं स्पष्ट लिहिते. जाहिरात बंद करणं आपल्याला परवडत नसेल, तर निदान पॉलिसी तीस दिवसांत परत करता येते आणि प्लॉट घेण्याआधी तलाठ्याकडे व तहसिलीत काय पाहावं, हे तेवढ्याच मोठ्या अक्षरांत एकदा छापा.

बास्केटबॉलचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. आमच्या तालुक्याच्या मैदानावर बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट आहे. दोन्ही खांब उभे आहेत, रिंग एकाही बाजूला नाही. हंगामात तिथे सोयाबीन वाळत घालतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही, लोकांना दुसरं खळं नाही. पण उरलेल्या आठ-नऊ महिन्यांत मुली खांबावर खडूने गोल काढून त्यावर नेम धरतात. रिंगसाठी दिलेले अर्ज कुठे पडले आहेत ते कोणी सांगत नाही. एनबीएच्या पगारावर पान खर्च केलं तसं एक वार्ताहर इकडेही पाठवा. सकाळी साडेसहाला यायला सांगा, मुली तेव्हाच येतात, आठला त्यांची शाळेची बस असते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. आर्वी, जि. वर्धा