२४व्या वर्षी निवृत्ती

प्रिय कीपर,

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो. अमेरिकेत जाऊन क्रिकेट खेळायचं म्हणून पोरानं काल रात्री मला एक मेल वाचायला दिला. अजून पाठवलेला नाही. असोसिएशनला आणि बोर्डाला. भारतीय क्रिकेटमधून निवृत्त होत आहे, मिळालेल्या संधीबद्दल ऋणी आहे, वगैरे. वय २४. संधी म्हणजे काय, तर रणजीच्या संभाव्य खेळाडूंत नाव, राखीव म्हणून संघाबरोबर फिरणं आणि ड्रिंक्स घेऊन मैदानात धावणं. आपण दोघं पावसाळ्यातल्या कांगा लीगमधून बाजूला झालो तेव्हासुद्धा कुणाला असं पत्र लिहिलं नव्हतं रे. आपोआप थांबलो. आणि याला सुरू व्हायच्या आधीच निवृत्त व्हावं लागतंय.

अमेरिका म्हटलं की लोक अभिनंदनच करतात. ऑफिसात दोघांना सांगितलं, दोघांनी हात हातात घेऊन हलवला. तू तसं करणार नाहीस. न वळता आत शिरणारा त्याचा आर्मबॉल पहिल्यांदा पडला तेव्हा स्टम्पमागे तू होतास. सरांना ओरडून सांगितलंस, 'हा बॉल शिकवलेला नाही, याच्या हातातच आहे!'

माझी शुगर ताब्यात आहे, हिची पाठ आहे तशीच. तुझ्या गुडघ्याचं काय ठरलं ते कळव.

तर ऐक. एका अकादमीत लहान मुलांना शिकवायचं, शनिवार-रविवारी खेळायचं, असं त्याचं ठरलंय. पण तिकडे एक बॉल टाकायचा तरी आधी इथलं सगळं सोडावं लागतं. तुझ्या लाडक्या प्रवीण तांबेचं आठवतंय ना? ४१व्या वर्षी आयपीएलमध्ये आला म्हणून तू आमच्या घरी येऊन नाचला होतास. त्याच तांबेला २०२०च्या आयपीएलमध्ये खेळता आलं नाही, कारण तो बाहेर टी-टेन खेळून आला होता. बोर्डाचा दरवाजा असा आहे. बाहेर पडलात की मागे कडी.

बरं, कडी लागली तरी पुढचं दार लगेच उघडतं असंही नाही. आयसीसीचा नियम आहे, त्या देशात तीन वर्षं वास्तव्य हवं. तोवर हा कुणाचाच नाही. २४ ते २७! डावखुऱ्या स्पिनरचा हात ज्या वयात बसतो, नेमकी तीच वर्षं. आणि बऱ्याच ठिकाणी मॅटिंगवर किंवा कृत्रिम खेळपट्टीवर बॉलिंग. याचा बॉल कशावर वळतो ते तुला माहीत आहे. जुलैतल्या ओल्या विकेटवर फलंदाजांना नाचवणारा पोरगा तिकडे तीन वर्षं काय करेल, याचा विचार करत मी रात्री जागा असतो. वळवणं विसरेल आणि नुसतं सपाट, वेगात टाकायला लागेल. टी-ट्वेंटीत तेच मागतात.

उन्मुक्त चंदनं २०२१च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत खेळण्यासाठी अशीच निवृत्ती घेतली तेव्हा तू त्याला पळपुटा म्हणाला होतास आणि आपलं कडाक्याचं वाजलं होतं. मी म्हणालो होतो, २०१२च्या फायनलमध्ये नाबाद १११ करून १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकून दिलेल्या कप्तानाला आपण काय दिलं ते आधी बोल. तू ग्लास आपटून उठून गेलास. मग दिवाळीपर्यंत अबोला. माझं मत आजही तेच आहे. पण तीन वर्षं पुरी करूनही २०२४च्या विश्वचषकासाठी अमेरिकेच्या संघात त्याचं नाव नव्हतं, हे आता फार बोचतंय. तेव्हा तो दुसऱ्याचा मुलगा होता.

पोरगा मला हरमीतचं उदाहरण देतो. मुंबईचा, डावखुरा, त्याच २०१२च्या संघातला, ज्याची इयान चॅपेलनं तारीफ केली होती तो. इथे मागे पडला, तिकडे जाऊन विश्वचषक खेळला. आणि सौरभ नेत्रावळकर तर त्याचा देवच. ६ जून २०२४ला डलासमध्ये पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकून १८ धावा राखल्या, आणि पुढच्याच आठवड्यात न्यूयॉर्कला रोहित आणि विराट दोघांना काढलं, विराटला पहिल्याच बॉलवर. त्या दिवशी आमच्या घरात विचित्र शांतता होती. पोरगा टाळी वाजवायला उठला आणि माझ्याकडे बघून बसला. मला वाटतं, त्याचं तेव्हाच ठरलं.

मला तो प्रकार पुन्हा या फेब्रुवारीत भोगावा लागला. वानखेडेवर भारत-अमेरिका सामना होता. तू आला असतास तर स्टँडमधून अंपायरला अपील केलं असतंस, म्हणून बरं झालं नाही आलास! सगळं स्टेडियम निळं, आणि माझ्या शेजारी माझा मुलगा समोरच्या संघातल्या मुंबईकरांकडे टक लावून बसलेला. त्यानं विचारलं, 'बाबा, मी तिकडून टाकत असेन तर तुम्ही काय कराल?' मी म्हणालो, 'तुझ्या बॉलिंगवर फक्त तुझ्यासाठी ओरडेन.' मनापासून म्हणालो. पण आपली विकेट पडल्यावर मी ओरडू शकेन का रे? तू पतौडींचं नाव घेशील, मला माहीत आहे. थोरले पतौडी १९३२ला सिडनीत इंग्लंडकडून पहिल्याच कसोटीत १०२ करतात आणि १९४६ला भारताचे कप्तान होऊन इंग्लंडला जातात. पण ते नवाब होते, त्यांना दोन्ही घरं उघडी होती. आपला पोरगा नवाब नाही.

हिनं त्याला अमोल मुझुमदारचं सांगून पाहिलं. ११,१६७ प्रथम श्रेणी धावा, भारताची टोपी नाही, तरी टिकून राहिला आणि गेल्या नोव्हेंबरात आपल्या मुलींना विश्वचषक जिंकून देणारा कोच झाला. पोरगा शांतपणे म्हणाला, 'आई, ते मिळालं खेळणं संपल्यावर. मला खेळायचंय.' मग मी मुंबईचे डावखुरे स्पिनर पद्माकर शिवलकर यांचं नाव काढणार होतो, ५८९ बळी घेऊनही कसोटीच्या बाहेर राहिलेले. पण काढलं नाही. ते नाव त्याच्याच बाजूनं गेलं असतं.

सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट मात्र त्याला अजून नीट बोललो नाही. तो सारखा २०२८ म्हणतोय. लॉस एंजेलिस, ऑलिम्पिक, क्रिकेट. अरे, या वर्षी गेला तर तीन वर्षं भरतात २०२९ला. आणि ऑलिम्पिकला नुसतं वास्तव्य चालत नाही, त्या देशाचं नागरिकत्व लागतं. विश्वचषक भारतीय पासपोर्टवर अमेरिकेकडून खेळता येईल, ऑलिम्पिक नाही. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. म्हणजे उद्या ती वेळ आलीच तर पासपोर्ट परत करायचा. अमेरिकेची टोपी घालून खेळला तर मी स्टँडमध्ये बसेन. पण त्या पासपोर्टवर मी अजून मनाची तयारी करू शकलेलो नाही. त्यात गेल्या सप्टेंबरात आयसीसीनं तिथल्या बोर्डालाच निलंबित केलं. इकडचं दार बंद करून ज्या घरात चाललाय, त्या घराचा कारभारी कोण हेच धड ठरलेलं नाही.

मला त्याला अडवायचं नाही. इथे आणखी चार वर्षं बाकावर बसवून त्याला कडवट करायचं नाही. पण मेल पाठवायच्या आधी २०२८चं गणित त्याला कळलं पाहिजे. मी बोललो की त्याला बापाची भीती दिसते. तुझं तो ऐकतो.

लेकीचं लग्न ठरलं हे कळलं, फार आनंद झाला, त्यावर वेगळं लिहीन. बँकेतून सुटलास हेही छान. वहिनींना नमस्कार.

रविवारी तो तुझ्याकडे येतोय. त्याला वाटतंय, निरोप घ्यायला चाललोय. आधी नेटमध्ये बॉलिंग टाकायला लाव, गुडघा दुखत असेल तर बाजूला उभं राहून बघ. आर्मबॉल गेले काही महिने लवकर सुटतोय असं मला वाटतं, ते तपास. मग ऑलिम्पिकचं काढ. आणि तरीही तो जायचं म्हणाला, तर मेलमधला 'ऋणी आहे' हा शब्द त्याला काढायला सांग. मी सांगितलं, त्यानं ऐकलं नाही.

तुझाच,
पहिल्या स्लिपमधला